रिकामे बसलेले डोके आणि गणित करणारे डोके : आलेखात नेमके काय बदलते?

दौलतगंजकर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात पूजेला बसलो असताना मला घेरी आली आणि घरच्यांच्या आग्रहामुळे येथे ग्वाल्हेरातच मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढून घ्यावा लागला. निष्कर्ष निर्दोष निघाला, तेव्हा कोणी प्रकृतीची चौकशी करू नये; माझा प्रश्न निराळा आहे. डोक्याला तारा चिकटवून झाल्यावर तेथील मुलीने मला डोळे मिटून स्वस्थ पडण्यास सांगितले. काही वेळाने माझा डोळा लागू लागला असावा, कारण ती म्हणाली, "बाबूजी, सोना नहीं है, सौ में से सात घटाते जाइए." चौतीस वर्षे येथल्या लष्कर भागातल्या शाळांमधून गणित शिकवलेल्या माणसाला ही शिक्षा नव्हतीच. काम संपल्यावर मी विनंती केली म्हणून तिने पडद्यावरचा आलेख मला मागे सरकवून दाखवला. मी स्वस्थ पडलो होतो तेव्हाच्या लाटा उंच, रुंद आणि वेणीच्या पेडांसारख्या एकसारख्या होत्या. डोळे उघडले तेथे त्या जवळजवळ मोडून गेल्या होत्या, आणि वजाबाकी सुरू झाली तेथेही त्या बऱ्याच बुटक्या व वेड्यावाकड्या झाल्या होत्या. माझा समज अगदी उलट होता. मेंदू कामाला लागला की लाटा मोठ्या व्हाव्यात आणि स्वस्थ पडला की सपाट व्हाव्यात, असे मला वाटत होते. रिकामे डोके एवढी खळबळ का दाखवते आणि काम करणारे डोके इतके मुकाट का होते, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

शरीरक्रिया

सर, मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात एक तरी विद्यार्थी विचारतोच. तुम्ही पाहिलेल्या लाटांना अल्फा लय म्हणतात. ती सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा येते आणि डोळे मिटून जागे असताना डोक्याच्या मागच्या भागावर सर्वांत स्पष्ट दिसते. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख १९२४ मध्ये घेतला, पण तो प्रसिद्ध करण्यास १९२९ साल उजाडले. डोळे उघडताच किंवा मनातल्या मनात हिशेब करू लागताच ही लय खचते, हे त्याच्याही लक्षात आले होते. पुढची काही वर्षे त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजला एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा कुठे शास्त्रज्ञांना तो पटला.

आता उंचीविषयी. टाळूवर चिकटवलेली तार एका पेशीचे ऐकत नसते. तिच्याखालच्या लक्षावधी चेतापेशींच्या विद्युत हालचालींची बेरीज तेवढी तिच्यापर्यंत पोचते, आणि तीही कवटीतून गाळून आलेली, म्हणजे जेमतेम काही दहा मायक्रोव्होल्टची (मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग). गणपतीत वाड्याच्या बाहेर, गल्लीत उभे राहून पाहा. आत आरती चालू असते तेव्हा पन्नास माणसांच्या टाळ्या एका ठेक्यात पडतात आणि त्यांचा दणका गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो. आरती संपून प्रसाद वाटू लागले की तीच पन्नास माणसे आपापसात बोलू लागतात. खरे तर आता प्रत्येक जण अधिक काही सांगत असतो, पण बाहेर नुसती कुजबुज येते, कारण एकाचा आवाज दुसऱ्याच्या आवाजात बुडून जातो. स्वस्थ मेंदूच्या मागच्या भागातील पेशी आरती करत असतात आणि कामाला लागलेल्या पेशी प्रसाद वाटत असतात, असे समजा. लाटेची उंची म्हणजे कामाचे प्रमाण नव्हे. ती एकतालाचे प्रमाण आहे.

शंकासुर

उपमा छान आहे, परंतु तिच्यात एक पळवाट दिसते. डोळे उघडल्यावर लाटा मोडतात हे दृष्टीमुळे झाले असणार. त्यावरून विचार करण्याविषयी काय सिद्ध होते? सरांनी वजाबाकी करताना डोळे मिटलेले होते की उघडे, हे त्यांनी सांगितलेले नाही. शिवाय "अल्फा म्हणजे विश्रांती" हे समीकरण ध्यानधारणेच्या प्रत्येक जाहिरातीत वाचून माझा त्यावरचा विश्वास उडालेला आहे.

दौलतगंजकर

डोळे मिटलेलेच होते. मात्र आपला आक्षेप योग्य आहे, कारण डोळे उघडल्यावर झालेला फरक वजाबाकीच्या वेळच्या फरकापेक्षा पुष्कळच मोठा होता.

शरीरक्रिया

शंकासुर यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मागच्या भागातली अल्फा लय मुख्यतः दृष्टीशी बांधलेली असते आणि मिटल्या डोळ्यांनी केलेल्या हिशेबात तिची घट माणसागणिक बदलते. बौद्धिक श्रमाची अधिक भरवशाची खूण कपाळाच्या वर, मधोमध सापडते. तेथे सेकंदाला ४ ते ७ वेळा येणारी थीटा लय हिशेब जसजसा अवघड होतो, किंवा मनात एकाच वेळी धरून ठेवायच्या गोष्टी जसजशा वाढतात, तसतशी बळावते. म्हणजे एकाच कामाने एक लय मोडते आणि दुसरी उभी राहते.

"अल्फा म्हणजे विश्रांती" हे तर मीही वर्गात खोडून काढते. काही अक्षरे दाखवून ती दोन-तीन सेकंद नुसती लक्षात ठेवायला सांगितली, तर त्या अवधीत अल्फा कमी होण्याऐवजी वाढते, आणि अक्षरे जास्त असतील तर अधिक वाढते. त्या वेळी माणूस विश्रांती घेत नसून जिवाच्या आकांताने अक्षरे घोकत असतो. आज पुष्कळ संशोधक असे मानतात की ज्या भागाची या क्षणी गरज नाही, किंवा जो मध्येच नवी माहिती आणून घोटाळा करील, त्याला गप्प बसवण्याचे साधन म्हणजे ही लय. वर्गात मुलांना "हाताची घडी, तोंडावर बोट" करायला लावतात, तसाच तो प्रकार.

फूलबागवाली

मी राज्यसेवा परीक्षेची तयारी करते आणि रोज नऊ-दहा तास अभ्यासिकेत असते. आमच्याकडे प्रत्येकाच्या बाकावर गजक, म्हणजे तीळ-गुळाची खुसखुशीत वडी, असते, कारण अभ्यासाने मेंदूतली साखर संपते असे सर्वांचे ठाम मत आहे. थंडीत मी एका बैठकीत पाव किलो संपवल्याचीही उदाहरणे आहेत. डॉक्टर, मेंदूला कामाच्या वेळी किती जास्त इंधन लागते हे आकड्यांत सांगाल का?

शरीरक्रिया

आकड्यांत सांगते, पण आकडे गजकेच्या विरुद्ध जाणारे आहेत. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते आणि स्वस्थ पडलेल्या शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो. दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज त्याला लागते. हा खर्च तुम्ही संविधानाची कलमे पाठ करत असा की छताकडे पाहत पडलेल्या असा, जवळजवळ तेवढाच राहतो. १९५५ मध्ये अमेरिकेत लुई सोकोलॉफ आणि सहकाऱ्यांनी हे मोजले होते. मेंदूकडे जाणाऱ्या आणि मेंदूतून परतणाऱ्या रक्तातील फरकावरून त्याचा प्राणवायूचा खर्च काढण्याची पद्धत त्याआधीच्या दशकात तयार झालेली होती. ती वापरून त्यांनी माणसांना आधी स्वस्थ ठेवले, मग मनात हिशेब करायला लावले आणि दोन्ही वेळचे आकडे ताडून पाहिले. संपूर्ण मेंदूचा प्राणवायूचा खर्च हिशेबामुळे वाढलेला आढळला नाही. त्या काळी हा निकाल कोड्यासारखाच वाटला असणार.

पुढे मेंदूचा एकेक कोपरा वेगळा मोजता येऊ लागल्यावर कळले की वाढ होते, पण ती स्थानिक असते, आणि ज्या भागात होते तेथेही त्याच्या नेहमीच्या खर्चाच्या तुलनेत बहुधा ५ टक्क्यांहून कमी असते. बाकीचा अफाट खर्च पेशींना सज्ज ठेवण्यात आणि त्यांच्या अखंड चाललेल्या आपसातल्या संभाषणात जातो. आपण मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो, ही दंतकथा म्हणूनच टिकत नाही; न वापरलेल्या भागासाठी शरीराने एवढे बिल भरले नसते.

दौलतगंजकर

सवय गेली नाही म्हणून हिशेब मांडतो. दिवसाला १२० ग्रॅम, म्हणजे तासाला ५ ग्रॅम. संपूर्ण मेंदूचा खर्च ५ टक्क्यांनी वाढला असे मानले (प्रत्यक्षात वाढ काही भागांपुरतीच असते, म्हणजे मी उदारपणे धरतो आहे), तरी तासाच्या कसून केलेल्या अभ्यासाला पाव ग्रॅम ग्लुकोज जादा लागेल. दहा तासांचे अडीच ग्रॅम झाले. चहाच्या एका चमच्यात याहून जास्त साखर मावते. फूलबागवाली यांनी गजक अवश्य खावी, पण ती आवडते म्हणून.

फूलबागवाली

सर, हे अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहून लावणार आहे. पण मग दहा तासांनंतर डोके जड होते आणि सोपे वाक्यही दोनदा वाचावे लागते, ते कशाने? इंधन संपले नाही, तर संपले काय?

शंकासुर

त्या प्रश्नाआधी मला पायाच तपासायचा आहे. पेशी काम करतात वीज वापरून आणि मेंदूची रंगीत चित्रे काढणारे एमआरआय यंत्र मोजते रक्त. रक्त वाढले म्हणजे काम वाढले, हे कोणी ठरवले?

शरीरक्रिया

हा संशय शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याची सुरुवात मोठी रंजक आहे. इटलीत अंजेलो मोसो नावाचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा रुग्णांचा अभ्यास करत असे, ज्यांच्या कवटीला इजेमुळे भोक पडलेले होते आणि त्यातून मेंदूचे ठोके बाहेरून दिसत. त्यातल्या एका शेतकऱ्याच्या मेंदूचे ठोके दुपारी चर्चची घंटा वाजताच वाढले, हाताच्या नाडीत मात्र तसा बदल झाला नाही. आणि त्याला ८ आणि १२ यांचा गुणाकार विचारला तेव्हाही तेच घडले. म्हणजे विचाराबरोबर मेंदूकडे रक्त धावते, हे यंत्रे येण्याआधीच दिसले होते.

मात्र रक्त आणि खर्च यांचे प्रमाण सरळ नाही. १९८८ मध्ये फॉक्स, राईकल आणि सहकाऱ्यांनी डोळ्यांना सतत काही दाखवत ठेवून दृष्टीच्या भागात मोजले, तेव्हा रक्तप्रवाह सुमारे ५० टक्के वाढला होता आणि प्राणवायूचा वापर केवळ सुमारे ५ टक्के. मागणीपेक्षा पुरवठा कितीतरी जास्त आला. त्यामुळे त्या जागी प्राणवायू न उतरवलेले रक्त साठते, प्राणवायू गमावलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण उतरते, आणि या दोहोंच्या चुंबकीय गुणात फरक असल्याने एमआरआयला तेवढा भाग उजळ दिसतो. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलेल्या या परिणामावर आजची बहुतेक रंगीत चित्रे उभी आहेत. पेशी चेतल्यावर हा उजळपणा शिखरावर यायला पाच-सहा सेकंद लागतात. तेव्हा शंकासुर यांचे एवढे मी पूर्ण मान्य करते की त्या चित्रांतला लाल ठिपका म्हणजे विचार नव्हे. विचारामागून धावत आलेल्या रक्ताची ती पावती आहे.

याच चित्रांतून या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट निघाली. संशोधक काम करतानाच्या चित्रातून स्वस्थतेचे चित्र वजा करत आणि उरेल ते कामाचे मानत. त्या वजाबाकीत काही जागी उत्तर ऋण येई, आणि त्याकडे बराच काळ कोणी लक्ष दिले नाही. १९९७ मध्ये शुलमन आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या प्रयोगांची चित्रे एकत्र केली, तर काम कोणतेही असो, त्याच त्या जागा मंदावत होत्या : कपाळामागचा मधला भाग, मेंदूच्या मागील बाजूचा मधला भाग, आणि दोन्ही कानांच्या मागे-वर असलेले पट्टे. मार्कस राईकल यांनी २००१ मध्ये याला मेंदूची मूळ अवस्था असे म्हटले. आपण आठवणीत रमतो, उद्याचे बेत करतो, "तो असे का बोलला असेल" याचा कीस पाडत बसतो, तेव्हा याच जागा जाग्या असतात. अवघड काम समोर आले की कपाळाच्या बाजूचे आणि डोक्याच्या वरच्या अंगाचे काही भाग चढतात आणि या जागा उतरतात. काम जेवढे कठीण, तेवढ्या त्या अधिक खाली जातात.

शंकासुर

म्हणजे ज्याला शून्य समजून वजा करत होते, ते शून्य नव्हतेच. शिवाय धडधडणाऱ्या बोगद्यात मान न हलवता पडलेल्या माणसाला "स्वस्थ" म्हणायचे, हेच मुळात धाडसाचे आहे. तो घरी गॅस बंद केला की नाही याचा विचार करत असणार.

शरीरक्रिया

गॅसचा विचार म्हणजेच ती मूळ अवस्था! मात्र एक भर घालते. १९९५ मध्ये भरत बिस्वाल यांनी अमेरिकेत काहीही न करता पडून राहिलेल्या माणसांचे एमआरआय तपासले. हात हलवणारे मेंदूचे डावे आणि उजवे भाग, हात पूर्ण स्थिर असतानाही, एकमेकांच्या तालाने हळूहळू चढत-उतरत होते. एक हेलकावा दहा सेकंदांहून मोठा. हा प्रकार झोपेत आणि भुलीखालीही बऱ्याच अंशी टिकतो, त्यामुळे तो सगळा गॅसच्या विचाराचा नसावा.

मंद्रसप्तक

मी ग्वाल्हेर गायकी शिकले आणि आता शिकवते. वरची चर्चा वाचताना मला माझ्या विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आल्या. नवीन मुलगी साधा अलंकार घेताना कपाळाला आठ्या घालते, मान ताठ करते, आणि तरी सूर ढळतो. दहा वर्षांनी तीच मुलगी तान घेत असताना समोरच्या श्रोत्याकडे पाहून हसू शकते. काम तेच, किंबहुना दहापट अवघड. मग तिच्या डोक्यातला खर्च वाढतो की घटतो?

शरीरक्रिया

ताई, गाण्यावर बेतलेले उत्तर देण्याऐवजी मी जवळच्या दोन प्रयोगांकडे बोट दाखवते. रिचर्ड हायर यांनी १९९२ मध्ये टेट्रिस हा संगणकाचा खेळ काही तरुणांना शिकवला आणि त्यांच्या मेंदूतील ग्लुकोजचा वापर सरावाच्या आधी व काही आठवड्यांच्या सरावानंतर मोजला. खेळातले गुण कितीतरी पटींनी वाढले होते आणि मेंदूच्या सालीतला, म्हणजे बाहेरच्या थरातला, ग्लुकोजचा वापर घटला होता. माणसे अगदी थोडी होती, त्यामुळे मी त्यावर घर बांधणार नाही, पण दिशा तुमच्या अनुभवाशी जुळते.

दुसरा प्रयोग सरांच्या विषयातला आहे. २००३ मध्ये ऑस्ट्रियातील संशोधकांनी प्रौढांकडून काही अवघड गुणाकार आठवडाभर घोकून घेतले आणि मग घोकलेले व न घोकलेले गुणाकार करताना त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. नवे गुणाकार करताना कपाळामागचे आणि वरच्या बाजूचे, संख्यांची उलथापालथ करणारे भाग राबत होते. घोकलेल्या गुणाकारात त्यांचा भार हलका झाला आणि डाव्या कानाच्या मागे-वरचा एक भाग पुढे आला, जो पाठ केलेल्या गोष्टी शब्दरूपाने उचलून आणण्याशी जोडला जातो. हिशेबाची जागा आठवणीने घेतली. केवळ खर्च कमी होत नाही, वाटच बदलते.

दौलतगंजकर

हे वाचून मी थोडा वेळ स्वस्थ बसलो. आमच्या वडिलांनी आम्हा भावंडांकडून रोज संध्याकाळी दिवेलागणीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणून घेतले. आजही मला सतराची दीडपट विचारली तर साडेपंचवीस हे उत्तर मी काढत नाही. ते ओठांवर येते. शंभरातून सात वजा करत जाण्याचेही तसेच : त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. शाळेत ही माळ मी मुलांकडून इतक्या वेळा म्हणून घेतली आहे की ती आता स्तोत्रासारखी झाली आहे. त्या मुलीने मला अवघड काम दिले असे तिला वाटले, पण मी बहुधा मनाचे श्लोकच म्हणत होतो. लाटा अर्धवट मोडण्याचे कारण हेच असू शकेल काय?

शरीरक्रिया

शक्य आहे, एकट्या माणसाच्या एका आलेखावरून यापेक्षा अधिक ठामपणे मी म्हणणार नाही. प्रयोगशाळांत म्हणूनच सातांची माळ टाळून १०२२ मधून १३ वजा करत जाण्यासारखी कामे देतात. जर्मनीतील ट्रियर विद्यापीठात १९९३ मध्ये तयार झालेल्या ताणाच्या कसोटीत हीच वजाबाकी आहे, आणि चूक झाली की पुन्हा १०२२ पासून. मात्र तेथे परीक्षक समोर दगडी चेहऱ्याने बसलेले असतात, त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात, रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक चढते. मग मेंदूत दिसलेला बदल विचाराचा की भीतीचा, हे निवडणे कठीण होते. मौखिक परीक्षेच्या उमेदवारांना हे सांगायला नको.

फूलबागवाली, तुमचा प्रश्न राहिला होता. २०२२ मध्ये पॅरिसमधील संशोधकांनी काही लोकांना सहा तासांहून अधिक काळ अवघड बौद्धिक काम दिले, दुसऱ्या गटाला त्याच प्रकारचे सोपे काम दिले, आणि कपाळाच्या बाजूच्या भागातली रसायने बाहेरूनच मोजली. अवघड काम केलेल्यांत ग्लुटामेट हे संदेशवाहक द्रव्य त्या भागात साचलेले आढळले. त्यांचा तर्क असा की थकवा म्हणजे टाकी रिकामी होणे नसून, साचलेले आवरायला वेळ हवा असल्याने त्या भागाला पुन्हा कामाला लावणे महाग पडणे होय. हा अजून तर्क आहे, पण अभ्यासिकेतल्या अनुभवाशी तो गजकेपेक्षा बरा जुळतो. झोपेने साचलेले उतरते असे त्यांना वाटते.

फूलबागवाली

आमच्याकडे एकाने कपाळाला लावायची पट्टी मागवली आहे, जी मोबाईलवर एकाग्रतेचे गुण दाखवते. परवा त्याला ९१ गुण मिळाले तेव्हा तो दात आवळून रेल्वे आरक्षणाची वाट पाहत होता.

शरीरक्रिया

दात आवळले म्हणूनच ९१! जबडा आणि कपाळ यांच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी जोरकस असते आणि जलद लाटांच्या पट्ट्यात सरळ मिसळते. पापणी लवली की हळू लाटांच्या पट्ट्यात धक्का बसतो. रुग्णालयात आलेख वाचणाऱ्याचा अर्धा वेळ हे वेगळे काढण्यात जातो. एक-दोन तारांच्या पट्टीला ते जमणे अवघड आहे.

घरच्या घरी काही पाहायचेच असेल तर डोळ्याची बाहुली पाहा. १९६४ मध्ये हेस आणि पोल्ट यांनी दाखवले की मनात गुणाकार करताना बाहुली रुंदावते, अवघड गुणाकाराला अधिक रुंदावते, आणि उत्तर सांगून झाले की पूर्ववत होते. खोलीतला उजेड अजिबात बदलता कामा नये आणि समोरच्याने एकाच ठिपक्याकडे पाहावे, एवढीच काळजी घ्या. तपकिरी-काळ्या डोळ्यांत बाहुलीची कड नीट दिसत नाही, म्हणून खिडकीतला बाजूचा उजेड बरा.

दौलतगंजकर

काल दुपारी प्रयोग केला. सौभाग्यवतींना खिडकीशी बसवले, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या एका तारखेकडे पाहायला सांगितले आणि प्रथम पाढ्यातले प्रश्न विचारले : बारा साते, सोळाची दीडपट. उत्तरे तत्काळ आली आणि बाहुलीत मला काहीच फरक जाणवला नाही. मग २६ गुणिले १७ विचारले. बाहुली थोडी रुंदावल्याचा मला भास झाला, पण तो खराच फरक होता की भास, हे मी सांगू शकत नाही, कारण त्या क्षणी उत्तर आधी कोणाला येते या चुरशीने मी स्वतःच सव्विसाला दहाने आणि साताने गुणू लागलो आणि तिच्या डोळ्यांकडे पाहायचे विसरलो. चारशे बेचाळीस तिने माझ्याआधी सांगितले. येत्या रविवारी नातू येणार आहे. प्रश्न मी विचारीन आणि डोळ्यांकडे तो पाहील, अशी विभागणी ठरली आहे. तिची अट एवढीच आहे की माझ्याही बाहुलीची तपासणी व्हावी, आणि गुणाकार ती देणार.